तपासणीला गेलो आणि जेवून आलो

सांगलीत कुणालाही सांगा की मी जव्हार-मोखाड्याला जाऊन आले, तर पहिला प्रश्न येतो, "म्हणजे नेमकं कुठं?" आणि लगेच दुसरा, "तिथं काय आहे बघायला?" या दोन्ही प्रश्नांना मी परत आल्यापासून इतक्या उत्साहानं उत्तरं देतेय की आता शेजारच्या वहिनी मला बघितलं की घाईघाईनं जिना चढायला लागतात. तेव्हा म्हटलं, लिहूनच काढावं. ज्यांना वाचायचंय ते वाचतील, ज्यांना पळायचंय त्यांना जिना मोकळा आहे.

निमित्त कामाचं होतं. इथल्या हळदीच्या व्यापारात नाव कमावलेल्या एका घराण्याचा छोटासा न्यास आहे. मुलांच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थांना तो देणग्या देतो. मी त्या घराण्याच्या पेढीत नोकरी केली, निवृत्त झाले आणि आता न्यासाकडे अर्ज करणाऱ्या संस्था प्रत्यक्ष जाऊन बघून येते. मंगलाताई नावाच्या बाईंचा अर्ज आला होता. जव्हारला राहतात, काम मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर. तिकडे दिवाळी झाली की शेतात काम उरत नाही. घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर नाहीतर ठाण्याकडच्या बांधकामांवर जातात. मुकादमाचा ट्रक येतो, बोचकी चढतात आणि बोचक्यांवर पोरं. शाळा सुटते ती सुटतेच. मंगलाताईंनी या पोरांना पाड्यावरच, आज्यांच्या सोबतीनं ठेवायची सोय केली होती. हंगामापुरतं वसतिगृह म्हणा. पण आधी मदत देणाऱ्यांनी हात आखडता घेतला होता. आमच्याकडून होकार गेला तर पोरं यंदा शाळेत राहणार होती, नाहीतर ट्रकमध्ये बसणार होती. इतकं सरळ होतं सगळं, आणि म्हणूनच मला जायच्या आधी नीट झोप लागत नव्हती.

बरोबर आमचे हे. वीज मंडळातून निवृत्त. "तुझ्या तपासणीत मी नाक खुपसणार नाही. स्वखर्चानं येतो, हवा खातो आणि गप्प बसतो," अशी शपथ घेऊन निघाले. यातलं हवा खाणं तेवढं त्यांनी पाळलं.

जव्हार

प्रवासाचं लांबण लावत नाही. नाशकाहून पुढं घाट लागला आणि ह्यांचा चेहरा दुधीभोपळ्यासारखा झाला एवढं सांगितलं की पुरे. हाताशी पिशवी एकच, ती भडंगाची. निर्णय क्षणात घ्यावा लागला. सांगलीचं अस्सल भडंग माझ्या पदरात ओतलं गेलं आणि पिशवी ह्यांच्या तोंडाशी. मी पदर सावरत तशीच बसून राहिले आणि पुढच्या सीटवरची एक आजी मागं वळून वळून माझ्या पदरातलं मूठमूठ उचलून खात होती. "तिखट हाय," म्हणाली आणि पुन्हा हात घातला.

जव्हारला उतरलो आणि काय सांगू, ती हवा! सांगलीत घाम पुसत निघालेली माणसं आम्ही, इथं शाल शोधायला लागलो. गाव टुमदार. राजवाडा आहे, कचेऱ्या आहेत, बाजारपेठेत भांड्यांपासून पावसाळी चपलांपर्यंत सगळं आहे. ह्यांनी आल्या आल्या मिसळ मागवली. मघाशी घाटात मरणारा माणूस तो हाच का, असं मला वाटलं.

मंगलाताई स्टँडवरच न्यायला आल्या होत्या. पन्नाशीच्या, शेतकरी घरातल्या, यजमान शाळेत मास्तर. बोलणं खणखणीत. पण साडी? अगंबाई! विटलेली, खांद्यावर ठिगळ आणि पदर इतका जुना की आरपार दिसावं. मास्तरांच्या घरची बाई अशी? मला वाईट वाटलं. त्यात पहिलं वाक्य, "मॅडम, इथं काही म्हणजे काही नाही बघा. फार वाईट परिस्थिती." चहा येईपर्यंत हे वाक्य पुन्हा आलं. चहा संपल्यावर परत. मध्येच हातातलं घड्याळ काढून त्यांनी पिशवीत टाकलं, तेही माझ्या नजरेला आलं.

"काय गं, बाई घाबरली काय तुला?" हे माझ्या कानाशी कुजबुजले.

"तुम्ही गप्प बसणार होता ना?"

शिरपामाळ

संध्याकाळी मंगलाताई आम्हाला शिरपामाळावर घेऊन गेल्या. शिवाजी महाराज सुरतेकडे जाताना इथं थांबले होते असं सांगतात. वर पोचलो आणि वाऱ्यानं आमचं बोलणंच उडवून नेलं. चहूकडं हिरवे डोंगर, उतारावर पिवळीधमक फुलं. "सूर्यफूल?" मी विचारलं. मंगलाताई हसल्या. "खुरासणी, मॅडम." म्हणजे आमचं कारळं! आयुष्यभर ज्याची चटणी खाल्ली त्याचं फूल मी साठी ओलांडल्यावर पहिल्यांदा बघत होते. मी इतकी खूश झाले की तिथंच दोन्ही हात पसरून गोल फिरले. ह्यांनी आजूबाजूला कुणी बघत नाही ना ते पाहिलं आणि मग स्वतःही एक गिरकी घेतली. गुडघा धरून बसले ते वेगळं.

मंगलाताई जरा लांब जाऊन फोनवर बोलत होत्या. तेवढ्यात ह्यांनी विचारलं, "उद्या तू नेमकं बघणार काय? किती गरीब आहेत ते?"

"अहो, तसं नसतं!" मी म्हटलं. "गरज काय, जिथं जाल तिथं आहे. ती अर्जातही कळते. मी बघणार की हे काम त्या पाड्याचं आहे की फक्त एका बाईचं. तिथली माणसं स्वतःचं काही घालतात का त्यात. आम्ही दोन वर्षांनी बाजूला झालो तर मागं काही उरेल का. हिशोब सरळ आहेत का. आणि सगळ्यात मुख्य, चुकलेलं मोकळेपणी सांगतात का. सगळं उत्तम चाललंय म्हणणाऱ्याला काकी उभं करत नाहीत." काकी म्हणजे आमच्या न्यासाच्या अध्यक्षा. खोटं बोलणाऱ्याचा त्यांना भयंकर राग. एका संस्थेनं दुसऱ्याच शाळेचे फोटो पाठवले होते, तर काकींनी तो अर्ज स्वतःच्या हातानं फाडला होता.

"म्हणजे स्थळ बघायला चाललीस म्हण की," हे म्हणाले.

तसंच असतं ते. बघणारेही नटून, दाखवणारेही नटून, आणि खरं काय ते चहाची बशी कोण कशी उचलतं त्यावरून ओळखायचं.

वारा फिरला आणि मंगलाताईंचं फोनवरचं एक वाक्य आमच्यापर्यंत आलं. "हो, हो, नीट झाका. आणि कोंबड्यापण आत घ्या." मला वाटलं, पावसाची लक्षणं असतील.

पाड्यावर

दुसऱ्या दिवशी जीपनं मोखाड्याकडं. रस्ता वळत जातो, दऱ्या डोळे फिरवतात, पण ह्यांनी सकाळी फक्त लिंबू चोखलं होतं, त्यामुळं निभावलं. भात पोटरीतून बाहेर पडून पिवळा व्हायला लागला होता. नाचणी डुलत होती. नाचणीला इथं नागली म्हणतात, आणि तुम्ही नाचणी म्हणालात तर माणसं समजतात, पण जरा दया येऊन समजतात. जीप थांबली तिथून पुढं चिखलातून चालत. माझी एक चप्पल चिखलानं ठेवून घेतली. एका पोरीनं ती कोपरापर्यंत हात घालून काढली, ओढ्यावर धुतली आणि मिरवणुकीत पालखी धरावी तशी दोन्ही हातांवर घेऊन माझ्यापुढं चालायला लागली. मागनं मी, एका पायात चप्पल.

पाड्यावर मात्र माझा उत्साह जरा उतरला. वसतिगृह म्हणजे कुडाची एक लांब खोली. आत काही नाही. भिंती रिकाम्या. बाहेर तीन दगडांची चूल आणि त्यावर काळंकुट्ट एकच पातेलं. पोरांच्या अंगात फाटके सदरे, आणि गंमत अशी की एकालाही आपल्या मापाचा नाही. मोठ्याचा दंडावर घट्ट, लहानाचा गुडघ्याखाली. पाड्यातली माणसं भिंतीला टेकून गंभीर चेहऱ्यानं बसलेली.

"इथं स्वयंपाक कोण करतं?" मी पोरांना विचारलं.

"कुनी नाय," सगळी एका सुरात.

"मग जेवता काय?"

पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. हा प्रश्न बहुतेक तालमीत आला नव्हता. एक धिटुकली म्हणाली, "कदी कदी जेवतो." तिच्या गालावर बाळसं होतं आणि ओठाला गूळ चिकटलेला होता.

जानकीबाय पुढं आली. ही वसतिगृहात रांधणारी आजी. काटक, कपाळावर गोंदण, डोळ्यांत मिस्कील काहीतरी, पण चेहरा पडलेला ठेवलेला. "ये बाय, बस. चाय कोराच हाय, दूध नाय. आमचे इथं काय पन नाय." मंगलाताईंनी मान डोलावली. मी मनातून खिन्न झाले. इतकी वर्षं काम करून पाड्याचं स्वतःचं काहीच उभं राहिलं नसेल, तर आम्ही देणगी देऊन काय होणार? आम्ही थांबलो की सगळं थांबणार. काकींना काय सांगू? पोरांकडं बघवत नव्हतं मला.

आणि मग जेवायची वेळ झाली.

वाचकहो, जे जेवण आलं त्याचं मी काय वर्णन करू! पळसाच्या पानांवर नागलीच्या गरम भाकऱ्या, तळहाताएवढ्या जाड आणि तरी लुसलुशीत. उडदाची आमटी, आमच्याकडच्या घुट्याची सख्खी मावसबहीण. खुरासणीची चटणी. सुकटीचं कालवण, त्यात आंबट काहीतरी घातलेलं, ज्याचं नाव विचारेपर्यंत मी दोनदा वाटी पुसली. नव्या भाताला अजून वेळ होता म्हणून वरईचा भात. उकडलेले करांदे, म्हणजे रानातले कंद. जानकीबाय वाढत होती आणि आम्ही "पुरे" म्हटलं की तिला ऐकू येत नव्हतं. "खा ना बाय. जेवल्याबिगर पावना गेला तर पाड्याचा तोंड कुठं ऱ्हायला?"

हे भाकरी मोडता मोडता थांबले. आयुष्यभर विजेच्या तारा कुठून कुठं जातात ते शोधलेला माणूस. "सुलभा," मला म्हणाले, "चूल तर थंड आहे."

मी पाहिलं. तीन दगडांच्या चुलीत राखसुद्धा नव्हती. आणि भाकरी तव्यावरून उतरल्यासारखी चटका देत होती.

"काही बोलू नका," मी दटावलं. पण ह्यांना तिसऱ्यांदा कालवण हवं होतं आणि जानकीबाय आत गेली होती. हे वाटी घेऊन उठले, वासाच्या मागावर निघाले. खोलीच्या मागं निळी ताडपत्री टांगलेली होती, वर सागाच्या पानांच्या डहाळ्या खोचलेल्या. मी ओरडले, "अहो, तिकडं कुठं?" हे वळले, पाय ओल्या मातीवर सरकला, त्यांनी आधाराला ताडपत्री धरली, आणि ताडपत्री, डहाळ्या, वाटी आणि आमचे हे, सगळे एकदमच आत गेले.

तो आवाज! भांड्यांचा डोंगर कोसळल्यावर जो होतो तो. पाठोपाठ कोंबड्या. पाच-सहा कोंबड्या फडफडत माझ्या डोक्यावरनं गेल्या. मी धावले आणि बघते तर काय, पडद्यामागं ऐसपैस स्वयंपाकघर! लिंपलेल्या जोडचुली, त्यावर तापलेले तवे, घासून लख्ख केलेली पातेली, धान्याच्या कणग्या काठोकाठ भरलेल्या, दोरीवर पोरांचे धुतलेले, मापाचे सदरे वाळत घातलेले, भिंतभर पोरांनी काढलेली चित्रं. आणि चुलीपाशी तोंडाला पदर लावून, श्वास रोखून बसलेल्या चार बायका. मधोमध पातेल्यांच्या ढिगात आमचे हे, मांडीवर एक कोंबडी.

वाटी शोधत हे म्हणाले, "कालवण इथं आहे होय?"

एक बाई फिसकन हसली. मग दुसरी. मग तो सगळा गंभीर चेहऱ्यांचा पाडा असा हसत सुटला की पोरं जमिनीवर लोळायला लागली. जानकीबाय पोट धरून ओरडत होती, "डोकऱ्याला उचला! अरे, आदी डोकऱ्याला उचला!" मी ह्यांना उचलायला गेले आणि हसून हसून मीच त्यांच्या शेजारी खाली बसले.

फक्त मंगलाताई हसत नव्हत्या. कुडाला टेकून त्या रडत होत्या.

"मॅडम, आता तुम्ही नाही म्हणणार. मला माहितीय." मग सगळं बाहेर आलं. मागं मुंबईच्या कुठल्याशा न्यासाचे एक साहेब आले होते. त्यांना हे स्वयंपाकघर हौसेनं दाखवलं. पाड्यानं स्वतः बांधलंय, हंगामाला प्रत्येक घरातून टोपलीभर नागली नि भात येतो, ट्रकमध्ये बसायच्या आधी बापे मिळून छप्पर शाकारून जातात, हे सगळं सांगितलं. साहेब कौतुक करून निघून गेले.

"भांडी बघली त्यांनी," जानकीबाय डोळे पुसत म्हणाली. "बोलला, तुमचा तर चांगला चाललाय, आमी अजून गरिबाला देतो. गेला तो गेलाच. मंग पाडा बसला. आमी बोललो, आता कोन आला तर दाखवायचाच नाय. पोरांना मोठ्यांचे नि धाकट्यांचे फाटके सदरे घातले. ही मंगला आपल्या सासूचा लुगडा नेसून आली."

"तरीच!" हे म्हणाले.

"आणि जेवण?" मी विचारलं. "काहीच नाही म्हणायचं तर जेवण का वाढलं एवढं?"

जानकीबायनं माझ्याकडं असं पाहिलं की मला माझाच प्रश्न कळेना. "पावना आला तर उपाशी कसा ठेवायचा बाय? नाटक करू बोललो, पन तेवढा नाय जमत."

मी काय सांगू वाचकहो, मला त्या क्षणी पाड्यातल्या एकेकाला मिठी मारावीशी वाटत होती. जे बघायला मी इतक्या लांब आले, ते सगळं त्यांनी माझ्यापासून ताडपत्रीखाली झाकून ठेवलं होतं! मी तिथंच, कणगीला टेकून, न्यास काय बघतो ते पहिल्यापासून सांगितलं. शिरपामाळावर ह्यांना सांगितलं तेच. मंगलाताई ऐकत राहिल्या. "म्हणजे हेच दाखवायचं होतं?" एवढंच म्हणाल्या, आणि मग त्यांनाही हसू आलं, रडता रडता.

मग खरी तपासणी झाली. धान्य पाडा देतो, पण डाळ, तेल, औषधं, रात्री सोबतीला राहणाऱ्या बायकांचं मानधन आणि अभ्यास घेणारी मुलगी, हे पाड्याच्या आवाक्याबाहेरचं होतं. चुकलेलं काय, तेही मी विचारलं. मंगलाताई आधी चाचरल्या, मग बोलल्या. पहिल्या वर्षी निम्मी पोरं आयांसाठी रडून रडून पळाली, काही चालत मोखाड्यापर्यंत गेली. तेव्हापासून पोरांच्या मध्ये आज्या झोपतात आणि दर रविवारी भट्टीवरच्या आयांना फोन लावतात. हे अर्जात का नाही लिहिलं, असं मी विचारलं. "लाज वाटली," म्हणाल्या.

निघताना त्यांनी माझा हात धरला. "ताडपत्रीचं लिहाल?"

"लिहावं लागेल, मंगलाताई. काकींपासून मी काही लपवत नाही."

त्यांनी हात सोडला नाही, पण त्यांच्या बोटांतला जोर गेला. काकींनी फाडलेला तो अर्ज मला आठवत होता आणि परतीच्या वाटेवर माझी चप्पल चिखलात पुन्हा गेली तरी मला हसू आलं नाही.

सांगली

बैठकीत मी सगळं सांगितलं. ह्यांना कुणी बोलावलं नव्हतं, तरी आले आणि कसे पडलो ते सतरंजीवर करून दाखवलं. विश्वस्त हसून लाल झाले. काकी हसल्या नाहीत.

"नाटक केलं म्हणजे," त्या म्हणाल्या.

"केलं, काकी."

एक विश्वस्त म्हणाले, "मग कसं द्यायचं? उद्या हिशोबही झाकतील."

काकींनी चष्मा काढला. "जेवायला काय वाढलं म्हणालीस?"

मी पुन्हा सगळं सांगितलं. भाकरी, आमटी, चटणी, कालवण, करांदे. काकी एकेक पदार्थ ऐकत होत्या.

"आम्ही उपाशी आहोत असं दाखवायचं ठरलेलं, सगळं पणाला लागलेलं, आणि तरी पाहुण्यांच्या पानात हात आखडला नाही त्यांचा," काकी म्हणाल्या. "मग ते पोरांच्या पानात आखडतील का? लाव त्या बाईला फोन."

फोन लावला, आवाज मोठा केला. काकींनी नमस्कार वगैरे काही न करता विचारलं, "पुन्हा काही झाकाल?"

पलीकडून मंगलाताईंचा तोच खणखणीत आवाज, "नाही काकी. झाकायला ताडपत्रीच राहिली नाही. मॅडमच्या साहेबांनी फाडली."

तेव्हा कुठं काकी हसल्या. आणि होकार दिला. त्याच बैठकीत, सगळ्यांसमोर.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी मंगलाताईंचा फोन आला. मुकादमाचा ट्रक सकाळी येऊन गेला, म्हणाल्या. बोचकी चढली, माणसं चढली. बोचक्यांवर यंदा कुणीच बसलं नाही. ट्रक सुटला तशी पोरं मागनं धावली, आयांच्या नावानं हाका मारत, पार वळणापर्यंत.

"मग?" मी विचारलं.

"मग काय ताई," त्या म्हणाल्या, "जेवायला आली सगळी."